चांद्या, मी आणि आप्पा

रात्रीचे ११ वाजून ४० मिनिटं. स्थळ: दोंडाईचा, आमच्या घराची गच्ची. टाकी ते जिना आणि जिना ते टाकी अशा माझ्या फेऱ्या चालू. खाली आईने दोनदा हाक मारून विचारलं, "काय रे, झोप येत नाही का?" मी वरूनच ओरडलो, "३१२ बाकी आहेत!" तिला वाटलं ऑफिसचं काहीतरी असेल. आयटीवाल्या पोराच्या आयांना एव्हाना सवय झालेली असते. पोरगा रात्री-बेरात्री आकडे ओरडतो, आपण कुशीवर वळायचं.

खरं काय होतं ते सांगितलं असतं तर तिने कपाळाला हात लावला असता. माझ्या मनगटावरच्या घड्याळात एक गोऱ्हा राहतो. बारा वाजायच्या आत मी आणखी ३१२ पावलं चाललो नसतो तर तो उपाशी झोपला असता.

हसू नका. सुरुवातीपासून सांगतो.

दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझं एचबीएवनसी ६.१ आलं. ज्यांना हा आकडा माहीत नाही ते सुखी आहेत. मागच्या साधारण तीन महिन्यांची रक्तातली सरासरी साखर तो सांगतो. ५.७ च्या खाली म्हणजे ठीक, ६.५ पासून पुढे मधुमेह, आणि मधला पट्टा म्हणजे नोटीस पिरियड. वय वर्षं सव्वीस. घरात आप्पांना पंधरा वर्षांपासून मधुमेह, आजोबा त्यातच गेले. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचे आकडे आले होते: देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि आणखी १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर. बातमी वाचली तेव्हा मी ती फॅमिली ग्रुपवर पाठवून मोकळा झालो होतो. आता मीच त्या १३ कोटींत.

मग नेहमीचे यशस्वी प्रयोग झाले. जिमची वर्षाची फी भरली आणि नऊ वेळा गेलो. हिशेब केला तर एका वेळेला सिंहगडावर पिठलं-भाकरी खाऊन, वर दही घेऊन पैसे उरले असते. मग फिटनेस बँड घेतला. तो रोज संध्याकाळी मला सांगायचा, 'तुम्ही आज २,१४० पावलं चाललात.' बरं मग? मी दिवसभर डॅशबोर्डच बघतो. सर्व्हरचा सीपीयू, मेमरी, एरर रेट. त्यात आणखी एक आलेख. प्रॉडक्शन पडल्याशिवाय लाल आकड्याकडे लक्ष द्यायचं नाही ही आमची व्यावसायिक शिस्त आहे. :-)

आकड्याने मी हलत नाही. मग कशाने हलतो? उत्तर सापडलं ते सारंगखेड्याच्या यात्रेत. म्हणजे आता नाही, आठ वर्षांचा होतो तेव्हाच्या.

दोंडाईचापासून सारंगखेडा जवळच, तापीच्या काठावर. दत्तजयंतीला तिथे यात्रा भरते आणि घोड्यांचा बाजार तर देशभर प्रसिद्ध. माझी आठवण मात्र घोड्यांची नाही. एका पथारीवर प्लॅस्टिकची अंडी मांडलेली होती, चपटी, खाली तीन बटणं, वर साखळी. छोट्या राखाडी पडद्यावर ठिपक्यांचं एक पिल्लू. त्याला खायला द्यायचं, घाण साफ करायची, दिवा मालवून झोपवायचं. आप्पांनी घासाघीस करून घेऊन दिलं. मी ते पिल्लू सोळा दिवस जगवलं. दप्तरात लपवून शाळेत नेलं, तासाला वाजलं, जप्त झालं आणि शनिवारी परत मिळालं तेव्हा पडद्यावर फक्त एक क्रूस होता. मी दोन दिवस जेवलो नव्हतो असं आई सांगते. मला वाटतं ती अतिशयोक्ती करते, एक दिवस असेल.

पुढे कळलं की ते कुठल्या तरी कारखान्यातलं नक्कल होतं. अस्सल खेळणं जपानच्या बांदाई कंपनीचं, तामागोची. २३ नोव्हेंबर १९९६ ला बाजारात आलं. तामागो म्हणजे अंडं आणि पुढे 'वॉच'चा जपानी अपभ्रंश. म्हणजे नावातच घड्याळ होतं! जगभर लोक ह्या ठिपक्यांच्या मागे असे लागले की १९९७ चं अर्थशास्त्राचं इग नोबेल, म्हणजे नोबेलची चेष्टा करणारं बक्षीस, त्याच्या निर्मात्यांना मिळालं. आकी माइता आणि आकिहिरो योकोइ. कारण: कामाचे लाखो मनुष्यतास आभासी पाळीव प्राण्यांच्या संगोपनात वळवल्याबद्दल. चेष्टाच ती. पण मला त्यात वेगळंच दिसलं. लाखो तास! माणूस स्वतःसाठी जे करत नाही ते चार ठिपक्यांसाठी करतो. ते तास चालण्याकडे वळवले तर?

अर्थात ही आयडिया माझ्याआधी बऱ्याच लोकांना सुचली होती. निंटेंडोने १९९८ मध्येच पॉकेट पिकाचू काढला. कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र, आत पिकाचू. चाललात की तो खूश, नाही चाललात की रुसायचा. २००९ च्या पहिल्या फिटबिटवर एक फूल होतं, चालाल तसं वाढणारं. आणि २०२४ मध्ये गुगलने लहान मुलांसाठी फिटबिट एस एलटीई काढलं, त्यात तर पाळायला अख्खा प्राणीच आहे. पण मला माझा प्राणी हवा होता. इंजिनियर माणूस, बाजारात मिळणारी गोष्ट चार महिने घालवून स्वतः बनवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

बँगल जेएस २ नावाचं एक घड्याळ आहे. १७६ बाय १७६ पिक्सेलचा पडदा, आत पावलं मोजणारा ॲक्सेलरोमीटर, आणि मुख्य म्हणजे त्यावर सरळ जावास्क्रिप्ट चालतं. मित्र लंडनहून येत होता, त्याला दोन आणायला सांगितली. एक बिघडलं तर दुसरं असावं, रिडंडन्सी! रोज रात्री लॅपटॉपवर लिहायचं आणि ब्लूटूथने घड्याळात ढकलायचं. पहिला प्रश्न, प्राणी कुठला? कुत्रा, मांजर, डायनासोर सगळं काढून बघितलं. मला चित्रकला येत नाही. चार पायांचं काहीही काढलं की गोऱ्ह्यासारखंच दिसत होतं. म्हटलं, गोऱ्हाच असू दे. शेतकऱ्याचा पोरगा, दुसरं काय पाळणार?

नियम सोपे. दर हजार पावलांना एक पेंडी चारा. दिवसाला दहा पेंड्या. पोट भरलं की शेपटी हलवणार, अर्धपोटी राहिला की मान खाली. आणि सलग तीन दिवस उपाशी राहिला तर... इथे आठवडाभर अडलो.

मरायला हवा का?

गंमत बघा, तामागोचीवाल्यांनाही हा प्रश्न पडलेला दिसतो. जपानी खेळण्यात पिल्लू मेलं की पडद्यावर भूत आणि थडगं यायचं. अमेरिकेत विकताना त्याला पंख लावून देवदूत केलं. २००६ मध्ये अमेरिकेत एका कंपनीतल्या संशोधकांनी 'फिश अँड स्टेप्स' नावाचा प्रयोग केला होता. ऑफिसातल्या १९ लोकांना एकेक आभासी मासा दिला. चाललात की मासा मोठा, नाही चाललात की रडवेला. तर काही लोक चालायच्या ऐवजी चक्क माशाकडे बघायचंच टाळू लागले! त्यानंतर दोन वर्षांनी सनी कन्सोल्व्हो आणि तिच्या सहकाऱ्यांनी मोबाइलवर बाग केली. व्यायाम केला की फूल उमलतं, उद्दिष्ट गाठलं की फुलपाखरू येतं. नाही केला तर फूल येत नाही, पण असलेलं कोमेजतही नाही. शिक्षा काहीच नाही.

हे सगळं वाचलं, पटलं आणि तरीही मी कोडमध्ये मरण लिहिलं. तीन दिवस उपाशी, संपला विषय. मनात म्हटलं, मला भीती नसेल तर मी उठणार नाही. तेव्हा ते प्रोग्राम फक्त माझ्यापुरतं होतं.

आणि चाललं की राव! नोव्हेंबरात सुरू केलं, जानेवारीपर्यंत एकही दिवस गोऱ्हा उपाशी नाही. हिंजवडीत दुपारी जेवणानंतर मी बिल्डिंगला प्रदक्षिणा घालायचो. स्टँड-अप मीटिंगमध्ये उभ्या उभ्या हात हलवायचो. टीम लीडने एकदा विचारलं, "तुला काही बोलायचंय का?" लबाडीसुद्धा शिकलो. पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने घरी येताना शेवटच्या टप्प्यात खड्डे लागतात, तिथे घड्याळ झोपेतही पावलं मोजतं. एकदा सकाळी उतरलो तर गोऱ्ह्याने रात्रीत दोन पेंड्या खाल्लेल्या. शेवटी बसमध्ये बसलं की घड्याळ काढून खिशात ठेवायचा नियम केला. स्वतःच्या प्रोग्रामला स्वतःच फसवण्यात काय अर्थ आहे?

संक्रांतीला घरी आलो तेव्हाचा तो गच्चीवरचा प्रसंग. फेऱ्या संपवून खाली आलो तर ओट्यावर आप्पा जागे.

"हाई काय शे रे भाऊ?" त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवून विचारलं. (आमच्या घरी अहिराणीच बोलतात. पुढचं मी सोयीसाठी मराठीत लिहितोय.)

मी दाखवलं. वाटलं हसतील. ते चष्मा लावून बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "शिंगं चुकलीत. ह्या वयाच्या गोऱ्ह्याची एवढी नसतात."

इथे आप्पांबद्दल सांगायला हवं. चार एकर कोरडवाहू, कापूस आणि बाजरी. बैलजोडी होती, हिऱ्या आणि चांद्या. आप्पांचा दिवस पहाटे पाचला त्यांच्या चारापाण्याने सुरू व्हायचा आणि रात्री गोठ्यात एक चक्कर मारून संपायचा. मग २०१८ चा दुष्काळ आला. राज्यातल्या १५१ तालुक्यांत तो सरकारने जाहीर केला होता. चारा सोन्याच्या भावाने. आप्पांनी जोडी विकली. शेत निम्मे बटाईने दिलं. मी तेव्हा इंजिनियरिंगला, परीक्षेच्या गडबडीत. फोनवर ते एवढंच म्हणाले, "गेले रे दोघं." मी म्हटलं, "बरं झालं आप्पा, आता आराम करा."

त्यांनी केला. सात वर्षं आराम केला. ओटा, टीव्ही, चावडीवर एक चक्कर, परत ओटा. साखर वाढत गेली, गोळ्या वाढत गेल्या. डॉक्टर म्हणायचे चाला. आप्पा म्हणायचे, "कुठे?" आम्हाला वाटायचं ते उडवून लावतात. आता कळतं की तो खरोखरचा प्रश्न होता. आयुष्यात ते कधी नुसतं चालायला म्हणून चाललेच नव्हते. शेतात जायला, बैलांना पाण्यावर न्यायला, बाजाराला, असंच चाललेले. काम नसताना रस्त्याने हात हलवत जाणारा माणूस आमच्याकडे एकतर पाहुणा असतो नाहीतर रिकामटेकडा.

दुसऱ्या दिवशी मी बॅगेतलं दुसरं घड्याळ काढून त्यांच्या मनगटाला बांधलं. शिंगं लहान केली. नाव काय देऊ विचारलं. माझ्याकडे त्याचं नाव 'पेट_१' होतं.

आप्पा म्हणाले, "चांद्या."

आई आतून बाहेर आली आणि काही न बोलता परत आत गेली.

पुढचे तीन महिने मजा होती. आप्पा पहाटे निघायचे. स्टेशन रोडने रेल्वे लाइनपर्यंत, तिथून वळून बाजाराकडे. मिरचीची आवक असली की तिथे ठसका लागतो म्हणून उपरणं नाकाला. लोकांनी विचारलं, "आप्पा, कुठे?" की मनगट वर करून सांगायचे, "ह्याचा चारा आणायला." मोठा विनोद झाला गावात. चावडीवरची मंडळी रोज विचारायची, चांद्या जेवला का. फोनवर माझ्याशी आधी पाच मिनिटं बोलणारे आप्पा आता वीस मिनिटं बोलायचे आणि बग रिपोर्ट करायचे. पहिला रिपोर्ट: बटाईदाराबरोबर शेतात दिवसभर कोळपं धरलं तरी चांद्या उपाशीच. बरोबर होतं. घड्याळ मनगटाचा झोका मोजतं. कोळप्याच्या मुठीवर हात घट्ट धरलेले असले की पाय कितीही चालोत, मनगट स्थिर. ज्या माणसाने आयुष्यभर नांगरामागे मैलोन् मैल चाल केली, त्याची त्या घड्याळाच्या लेखी पावलंच पडली नव्हती.

एप्रिलमध्ये त्यांचं एचबीएवनसी ८.९ वरून ७.६ वर आलं. मी ऑफिसात पेढे वाटले. एकाने विचारलं, "प्रमोशन?" म्हटलं, "तसंच काहीसं."

मे महिन्यात आईचा फोन आला. आई सहसा फोन करत नाही, मिस्ड कॉल देते.

आप्पांच्या उजव्या पायाला जखम. अंगठ्याच्या खाली, रुपयाएवढी. त्या सकाळी बुटात खडा गेला होता आणि तो घेऊन ते साडेतीन तास चालले. दुखलंच नाही. मधुमेहात नसा बधिर होतात, पायाला काय टोचतंय ते कळत नाही. घरी येऊन मोजा काढला तेव्हा तो ओला होता. त्यांनी तो गुंडाळून कोपऱ्यात टाकला आणि दुसऱ्या दिवशी परत चालायला गेले. तिसऱ्याही दिवशी. आईला वासाने कळलं.

बूट मीच पाठवले होते, पुण्याहून, चांगल्यातले.

मी रात्रीची गाडी पकडली. सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी सोडून दाखवली. मी भिंतीकडे बघत होतो. ते म्हणाले वेळेत आलात, हाडापर्यंत गेलेलं नाही. सहा आठवडे पायावर भार द्यायचा नाही. मग त्यांनी आप्पांना विचारलं, "काका, जखम दिसत होती ना? मग का चाललात?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग खाली. हळूच म्हणाले, "उपाशी ठेवू का मी त्याले?"

डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं.

आमच्या धंद्यात काही बिघडलं की पोस्टमॉर्टेम लिहितात. कोणाला दोष द्यायचा नाही, फक्त कारणं शोधायची. मी त्या रात्री ओट्यावर बसून मनातल्या मनात ते लिहायचा प्रयत्न केला. कारण एक: खडा. कारण दोन: बधिर पाय. कारण तीन: कोडची ओळ ८७, तिथे लिहिलंय की सलग तीन दिवस उपाशी असेल तर मरण. एकसष्ट वर्षांच्या मधुमेही माणसाच्या मनगटावर मी आजारपणाची सुट्टी नसलेलं यंत्र बांधलं होतं. मला सीक लीव्ह आहे, कॅज्युअल आहे, अर्न्ड आहे. त्यांना मी एकही दिली नव्हती. आणि वर त्या ठिपक्यांना चांद्या म्हणू दिलं. एकदा विकलेला बैल दुसऱ्यांदा हातचा जाऊ नये म्हणून तो माणूस चालत होता, आणि मी पुण्यात बसून त्याचा आलेख बघून खूश होत होतो.

लॅपटॉप घाईत पुण्यालाच राहिला होता. सकाळी कोणाचा तरी मागून आणू, तोपर्यंत घड्याळ बंद करून ठेवू म्हणून उशाशी बघितलं तर घड्याळ नाही. आप्पा झोपलेले. आत गेलो. पहाटेचे साडेपाच. आई चुलीपुढे कळण्याच्या भाकरी थापत होती आणि घड्याळ तिच्या हातात होतं.

"तीन दिवसांत मरतो म्हणाले हे," ती म्हणाली. "म्हटलं जखम भरेपर्यंत मी चालवते."

मी शेजारी बसून बघत राहिलो. प्रत्येक थापेला घड्याळ एक पाऊल मोजत होतं. एका भाकरीला वीस-बावीस पावलं. मी हसायला लागलो आणि मग नीट हसता येईना. खाली आकडा होता, आदल्या दिवसाचा. ११,३४०. घराच्या बाहेर न पडता. थापलेल्या भाकरी वजा केल्या तरी नऊ हजारांच्या पुढे. माझी आई रोज एवढं चालते हे ह्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. मी तिसरं घड्याळ मागवतो म्हटलं, तुझ्यासाठी काय करू, मांजर की मोर? तर म्हणाली, "मला नको बाबा. आधी दोन पाळलेत तेवढे पुरेत."

प्रोग्राम मी त्याच आठवड्यात बदललं. आधी मरण काढून टाकलं. मग दहा पेंड्या कमी केल्या. ह्या दहा हजारांची कहाणीसुद्धा मजेशीर आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये यामासा नावाच्या जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र काढलं. नाव ठेवलं मानपो-केइ, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. म्हणायला सोपं, लक्षात राहायला सोपं. जाहिरातीचा आकडा, तो जगभर डॉक्टरी सल्ला होऊन बसला. २०१९ मध्ये आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १६,७४१ वयस्कर स्त्रियांची पावलं मोजलेला अभ्यास छापला. दिवसाला साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांचा मृत्यूचा धोका २,७०० वाल्यांपेक्षा बराच कमी होता, आणि ७,५०० च्या आसपास फायदा वाढायचा थांबत होता. हे सगळं मला कोड लिहायच्या आधी शोधता आलं असतं. शोधलं नाही, कारण दहा हजार हा गोल आकडा होता आणि चलाला शून्यं शोभून दिसतात.

पण खरी अडचण पुढे होती. गोऱ्हा मरणार नसेल, उपाशीही राहणार नसेल, तर न चालण्याच्या दिवशी त्याने करायचं काय? नुसता उभा ठेवला तर बंद पडल्यासारखा वाटतो. मी खाटेशेजारी मागून आणलेला लॅपटॉप घेऊन बसलो होतो. आप्पा पाय उशीवर ठेवून माझा पडदा बघत होते. त्यांना अडचण सांगितली.

"बसव ना त्याला," ते म्हणाले.

"बसला तर आजारी वाटेल."

"बैल बठना म्हंजे मरी गया का रे?" आप्पा वैतागले. "पोट भरलं की बैल बसतो. बसून रवंथ करतो. रवंथ नाही केला तर खाल्लेलं अंगी लागत नाही. तुला एवढंपण माहीत नाही?"

नव्हतं माहीत. म्हणजे चौथीच्या पुस्तकात वाचलं होतं, डिझाइन म्हणून माहीत नव्हतं.

आता घड्याळात रवंथ आहे. सकाळी बटण दोन वेळा दाबलं की चांद्या खाली बसतो, जबडा हलवत राहतो, मध्येच कान झटकतो. कारण विचारत नाही. कितीही दिवस बसू शकतो. उठला की आदल्या दिवशीचं काहीच थकीत नसतं. आणखी एक गोष्ट घातली. रोज चालून आल्यावर घड्याळ थरथरतं आणि पडद्यावर चांद्याचा खूर येतो, वर उचललेला. जू खांद्यावर ठेवण्याआधी बैलाचे खूर बघायची आप्पांची जुनी सवय. आता खूर दिसला की ते खुर्चीत बसून स्वतःचे तळवे बघतात. डोळ्यांना नीट दिसत नाही तिथे आई आरसा धरते. पायात बूट नाहीत, मऊ रबराच्या एमसीआर चपला आहेत.

जखम भरायला सहाऐवजी नऊ आठवडे लागले. त्या नऊ आठवड्यांत साखर परत थोडी चढली, ते खोटं कशाला सांगू. आता ते साडेचार-पाच हजार चालतात, काही दिवस दोन हजार. आठवड्यातून एखाद-दुसरा दिवस रवंथ. मीही घेतो, पण माझ्या रवंथात लबाडी किती आणि गरज किती हे माझं मलाच माहीत. माझं एचबीएवनसी ह्या वेळी ५.८ आलं. नोटीस पिरियड अजून संपलेला नाही.

पोळ्याला घरी गेलो होतो. खरी जोडी गेल्यापासून आमच्याकडे मातीचे बैल आणून पुजतात. आईने खापरावरचे मांडे केले होते, त्यामुळे साखरेबद्दल त्या दिवशी कोणी बोललं नाही. सकाळी अंघोळ करून आप्पांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि पाटावर मातीच्या बैलांच्या शेजारी ठेवलं. हळदकुंकू लावलं. चार्जिंगच्या पिनांवर कुंकू जाईल म्हणून माझा जीव वर-खाली. मी काही बोलणार तेवढ्यात तेच म्हणाले,

"आज जुंपायचं नसतं."

मग आम्ही दोघं ओट्यावर बसलो. दुपारपर्यंत कुठेही गेलो नाही. संध्याकाळी घड्याळ उचलून बघितलं तर ४१ पावलं होती. ती कोणाची, ते शेवटपर्यंत कळलं नाही. बहुतेक आईने पुसताना हलवलं असावं.